पगार कोणी द्यायचा? सोल, १८९०

जून १८९० मध्ये जॉन लिव्हिंगस्टन नेव्हियस नावाचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) मिशनरी पत्नी हेलन यांच्यासह सोलला आले. वय ६१, आणि चीनमध्ये काढलेली छत्तीस वर्षं गाठीशी. त्यांना बोलावलं होतं कोरियातल्या तरुण मिशनऱ्यांनी. त्यांच्यातले जाणते म्हणावेत असे होरेस अंडरवूड तिशीचे. सॅम्युएल मॉफेट तर सव्वीस वर्षांचे, त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेले. नेव्हियस दोन आठवडे राहिले, या मंडळींशी बोलले आणि परत गेले. तीन वर्षांनी चीनमध्येच ते वारले. पण त्या दोन आठवड्यांत जे ठरलं त्यावर कोरियातली प्रेस्बिटेरियन मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, पुढची कित्येक दशकं चालली, आणि ‘नेव्हियस पद्धत’ हे नाव मिशनच्या अभ्यासात कायमचं रुजलं.

परदेशी माणसानं स्थानिक मंडळीला सुवार्ताप्रसार शिकवायचा तरी कसा, असा विषय निघाला की हे प्रकरण हमखास पुढे केलं जातं. बहुतेक वेळा फळ्यावर स्वावलंबन, स्वशासन, स्वप्रसार असे तीन शब्द लिहून ते संपवलंही जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. कागदपत्रं नीट पाहिली तर सोलमधली शिकवणी मुख्यतः मिशनऱ्यांची झाली, असं दिसतं. शेजाऱ्याला येशूबद्दल सांगायला कोरियन विश्वासणाऱ्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. ते आधीच सांगत होते. आपला हात आणि आपली थैली कुठे आवरायची, हे पाहुण्यांना शिकायचं होतं.

मिशनरी येण्याआधीचं गाव

कोरियात राहणारे पहिले प्रोटेस्टंट मिशनरी डॉ. होरेस अॅलन सप्टेंबर १८८४ मध्ये आले. अंडरवूड आणि मेथडिस्ट पंथाचे हेन्री अपेन्झेलर ५ एप्रिल १८८५ ला, ईस्टरच्या रविवारी, इंचन बंदरात उतरले. धर्मप्रसाराला सरकारची परवानगी नव्हती. दवाखाना आणि शाळा चालवायची, एवढीच मुभा.

पण उत्तरेकडे मांचुरियात, मुकदेन इथे (आजचं शेनयांग), स्कॉटिश मिशनरी जॉन रॉस यांनी काही कोरियन व्यापाऱ्यांना हाताशी धरून नव्या कराराचं भाषांतर सुरू केलेलं होतं. लूकचं शुभवर्तमान १८८२ मध्ये छापून झालं आणि १८८७ मध्ये पूर्ण नवा करार. या व्यापाऱ्यांत सो सांग-र्युन होते. मांचुरियात आजारी पडले, मिशनऱ्यांनी शुश्रूषा केली, त्यातून विश्वास आला. पुढे ते छापील पुस्तकं घेऊन मायदेशी निघाले, सरहद्दीवर अडचणीत आले आणि शेवटी ह्वांगहे प्रांतातल्या सोरे नावाच्या किनाऱ्यालगतच्या गावी भावाजवळ जाऊन राहिले. तिथे लोक जमू लागले. पाळक नाही, बाप्तिस्मा देणारा कोणी नाही, नुसती पुस्तकं आणि वाचणारी माणसं. १८८७ च्या सुरुवातीला त्यांच्यातले काही जण स्वतःच सोलला चालत आले आणि अंडरवूडकडे बाप्तिस्मा मागितला.

अंडरवूडच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आपण अजून भाषेची बाराखडी गिरवतोय आणि कधी न पाहिलेल्या गावातून तयार विश्वासणारे दारात उभे आहेत. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला सोलमध्ये सेमुनान मंडळी स्थापन झाली, चौदा सभासदांची. जॉन रॉस त्या वेळी पाहुणे म्हणून हजर होते. त्यांनी नोंदवलंय की त्या चौदांतले बहुतेक जण मुकदेनहून आलेल्या कोरियन माणसाच्या कामाचं फळ होते.

म्हणजे १८९० साली सोलमधल्या तरुणांपुढचा प्रश्न ‘लोकांना सुवार्ता सांगायला कसं लावायचं’ असा नव्हताच. दारी आलेल्या या माणसांचं करायचं काय, हा होता. आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे उत्तर सोपं होतं. हुशार दिसणाऱ्याला पगारावर ठेवायचं.

पगारी उपदेशक

या रिवाजाशी नेव्हियस यांची चीनमध्ये चांगलीच झटापट झाली होती. एखादा शेतकरी किंवा कारागीर विश्वास ठेवतो. गावातल्या दहा जणांना उत्साहानं सांगत सुटतो. मिशनरी ते पाहतो, खूश होतो, सहा महिन्यांत त्याला महिना ठरवून उपदेशक करतो आणि दुसऱ्या गावी पाठवतो. आता पहिल्या गावातला साक्षीदार गेला. तिथे मागे राहिलेल्यांनी एवढंच पाहिलं की या धर्मात गेलं की नोकरी लागते. दुसऱ्या गावचे लोक त्याला विचारतात, तुला किती देतात? तो जे बोलतो ते पैशासाठी बोलतो, असं धरूनच ऐकलं जातं. आणि पगार न मिळणारे बाकीचे विश्वासणारे मनाशी ठरवून टाकतात की सांगण्याचं काम पगारवाल्यांचं.

नेव्हियस यांनी हे सगळं १८८५ पासून शांघायच्या ‘चायनीज रेकॉर्डर’ या मिशनरी मासिकात सविस्तर मांडलं. सोलमधल्या तरुणांनी ते वाचलं होतं, म्हणूनच बोलावणं गेलं. नेव्हियस यांचा आधार होता बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला सातवा अध्याय: ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्यानं त्याच स्थितीत राहावं. विणकरानं विणावं, शेतकऱ्यानं नांगरावं, आणि तिथेच राहून शेजाऱ्यांत साक्ष द्यावी. मंडळीची व्यवस्था स्थानिक लोकांना झेपेल तेवढीच उभारायची. पूर्णवेळ कामासाठी कोणाला नेमायचं तर मंडळीनं त्याला निवडावं आणि मंडळीनंच पोसावं. उपासनेची इमारत त्या देशाच्या धाटणीची, त्यांच्या पैशानं, त्यांना परवडेल तेव्हा.

इथे थोडं विषयांतर. हेच नेव्हियस चीफूमध्ये (आजचं यानथाय) फळबागेत रमणारे गृहस्थ होते. अमेरिकेतून सफरचंद, पेअर, द्राक्षं यांची रोपं आणून त्यांनी तिथे लावली आणि शेतकऱ्यांना कलमं वाटली. यानथायचं सफरचंद आज चीनभर नावाजलेलं आहे आणि त्याचा इतिहास सांगताना त्यांचं नाव घेतलं जातं. परदेशी वस्तू आणण्यालाच त्यांचा विरोध होता, असं समजू नये. विरोध परदेशी पगाराला होता.

ठरलं काय, आणि कोणासाठी

दोन आठवड्यांच्या चर्चेनंतर अंडरवूड आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत स्वीकारली. तशीच्या तशी नाही. पण नेव्हियस यांच्या लेखांचं पुस्तक नव्या येणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याच्या हाती दिलं जाऊ लागलं आणि त्यावर परीक्षाही घेतली जाऊ लागली. परीक्षा कोरियन उमेदवाराची नव्हे, अमेरिकेहून पदवी घेऊन आलेल्या पाहुण्याची. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हीच. बाहेरून येणारा माणूस दयाळू असतो, त्याला घाई असते आणि त्याच्या खिशात पैसे असतात. हे तिन्ही त्याच्याकडून काय करवतील याचा नेम नाही, तेव्हा त्याला आधी नियम पाठ करायला लावा.

१८९३ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनांच्या समितीनं दहा कलमांचं धोरण केलं. वरच्या वर्गापेक्षा कष्टकरी लोकांत काम आधी करावं. स्त्रिया आणि मुलींकडे विशेष लक्ष द्यावं, कारण पुढची पिढी आयांच्या हाती असते. कोरियन जनतेला ख्रिस्ताकडे आणण्याचं काम शेवटी कोरियन माणसांनीच करायचं आहे, तेव्हा मूठभर सुवार्तिकांना कसून तयार करावं. आणि सगळं छापील साहित्य शुद्ध कोरियन लिपीत, म्हणजे हंगुलमध्ये काढावं.

हे शेवटचं कलम वाचायला साधं आहे, पण त्या काळातले पंडित चिनी अक्षरांत लिहीत आणि हंगुलला बायकापोरांची लिपी म्हणून नाक मुरडत. ती थोड्या दिवसांत शिकता येते. गावातल्या बाईला वाचता येणं हेच तिथे नवल होतं, आणि मंडळीत येणारी बाई वाचायला शिके ती नव्या करारावरच. पैशाबद्दलचे नियम गाजले खरे, पण या एका कलमावाचून ते सगळे कोरडे पडले असते असं माझं मत आहे. जो वाचू शकत नाही त्याला कायम कोणीतरी वाचून दाखवणारा लागतो, आणि वाचून दाखवणाऱ्याला पगार लागतो.

वर्ग

आता प्रत्यक्ष शिकवणं कसं चालायचं ते पाहू.

मिशनरी गावोगावच्या गटांना वर्षातून साधारण दोनदा भेटे. बाकीचे दिवस गटाचं नेतृत्व गावातलाच एखादा बिनपगारी पुढारी करी. त्याच्यावर एक फिरता मदतनीस, ज्याच्याकडे अनेक गट असत आणि ज्याचा खर्च ते गट मिळून उचलायचे. एवढ्या पातळ व्यवस्थेवर मंडळी टिकायची तर माणसं वचनात पक्की हवीत. त्यासाठी वर्ग. कोरियन भाषेत त्याला साग्यंगह्वे म्हणत, म्हणजे पवित्र शास्त्राच्या अभ्यासाची सभा. पहिला वर्ग १८९० मध्ये अंडरवूड यांच्या घरी भरला, सात जणांचा.

पुढे या वर्गाचं रूप ठरून गेलं. मोठा वर्ग हिवाळ्यात, चांद्र नववर्षाच्या सुमारास, कारण शेतीची कामं संपलेली असतात. माणसं गावाहून चालत येत, काही कित्येक दिवसांची वाट तुडवून, पाठीवर स्वतःचे तांदूळ बांधून. राहण्या-खाण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. पहाटे प्रार्थना, सकाळभर शास्त्राचा अभ्यास, थोडं गाणं. दुपारी सगळे शहरात निघायचे आणि घरोघरी, बाजारात जाऊन बोलायचे. रात्री पुन्हा सभा. सकाळी शिकलेलं दुपारीच लोकांसमोर बोलायचं असल्यामुळे वहीत उतरवून घरी न्यायला वाव नव्हता. मग या मोठ्या वर्गातून गेलेली माणसं आपापल्या भागात छोटे वर्ग घेत. स्त्रियांचे वर्ग वेगळे. त्याही तशाच चालत येत, पाठीवर मूल बांधून.

कुणी म्हणेल यात विशेष काय, शिबिरं आपल्याकडेही होतात. होतात, पण शिबिराला येणाऱ्याचं भाडं, जेवण आणि वर पिशवी-वही कोण देतं ते बघा. कोरियात फुकट दिलं असतं तर गर्दी वाढली असती यात शंका नाही. १९०७ च्या जानेवारीत प्याँगयांगच्या जांगदेह्यन चर्चमध्ये पुरुषांचा असाच हिवाळी वर्ग चालू असताना मोठं आध्यात्मिक जागरण झालं. शेकडो माणसं उठून उभी राहून आपली पापं उघडपणे कबूल करू लागली. त्याची वर्णनं खूप वाचायला मिळतात. ती सभा मुळात शास्त्राभ्यासाचा नेहमीचा वर्ग होती, हे त्यांत सहसा ठळक होत नाही.

बाप्तिस्म्याच्या आधी थांबावं लागे, साधारण वर्षभर. आणि मुलाखतीत इतर प्रश्नांबरोबर हाही प्रश्न विचारला जाई: तू दुसऱ्या कुणाला सांगितलंस का? नसेल सांगितलं तर थांब. म्हणजे सुवार्ता सांगणं हा पुढच्या इयत्तेचा विषय नव्हता, प्रवेशाचीच अट होती. यावर माझा थोडा आक्षेप आहे. बुजऱ्या माणसाचं काय, सासरी दबून राहणाऱ्या सुनेचं काय? पण अटीचा परिणाम झाला हे नाकारता येत नाही.

पैशाचं बोलायचं तर बायका रोज स्वयंपाक करताना प्रत्येक वेळी थोडे तांदूळ बाजूला काढून ठेवत आणि ते मंडळीत आणत. आपल्याकडे मुष्टिफंड म्हणत तोच प्रकार. मिझोराममध्ये ‘बुह्फाइ थाम’ म्हणून तो आजही चालतो. ज्याच्याकडे तांदूळही नाहीत त्यानं दिवस द्यायचे. वर्षातले अमुक दिवस मी स्वखर्चानं सुवार्ता सांगायला फिरेन, असं सभेत उभं राहून सांगायचं. शेतमजुराच्या दृष्टीनं दिवस म्हणजे रोकडाच.

दगड मारणारा आणि मोतद्दार

प्याँगयांगला मॉफेट पहिल्यांदा फिरू लागले तेव्हा त्यांच्यावर दगडफेक झाली. दगड मारणाऱ्यांत ई कि-फुंग नावाचा दांडगा तरुण होता, असं कोरियन मंडळीत सांगतात. पुढे तोच विश्वासात आला आणि मॉफेट यांनी १९०१ मध्ये दोन विद्यार्थ्यांवर सुरू केलेल्या प्याँगयांगच्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकला. तिथलं वेळापत्रकही याच विचारानं बेतलेलं: वर्षातले काही महिने शाळा, बाकी काळ आपल्या मंडळीत काम. १९०७ मध्ये सात जणांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्याच सप्टेंबरात स्वतंत्र कोरियन प्रेस्बिटरी (अनेक मंडळ्यांचा कारभार पाहणारी सभा) स्थापन झाली आणि सातही जणांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या सातांत सोरेच्या सो सांग-र्युन यांचे भाऊ होते, १९०७ च्या जागरणातले किल सन-जू होते आणि ई कि-फुंगही.

प्रेस्बिटरीनं सातांपैकी एकाला लगेच मिशनरी म्हणून पाठवायचं ठरवलं. सहाच जण घरच्या मंडळ्यांना पुरणार नव्हते, तरीही. निवड झाली ई कि-फुंग यांची, ठिकाण जेजू बेट, खर्च कोरियन मंडळ्यांच्या दानातून. प्याँगयांगच्या स्त्रियांनी आपल्या पैशानं एक बायबलबाईही (बायकांत सुवार्ता सांगणारी सेविका) तिकडे पाठवली. जेजूची बोली उत्तरेकडच्या माणसाला समजेना. त्यात १९०१ मध्ये तिथे करवसुली आणि कॅथलिकांची दांडगाई यांवरून मोठा उठाव होऊन शेकडो कॅथलिक मारले गेले होते. चर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच येई. ई यांनी कंटाळून मॉफेट यांना परत येऊ का म्हणून लिहिलं, आणि मॉफेट यांनी कळवलं की तुमच्या दगडाचा माझ्या हनुवटीवरचा व्रण अजून भरला नाही, तो भरेपर्यंत तिथेच थांबा. ही गोष्ट मंडळीच्या तोंडी चालत आलेली आहे, तेवढ्याच हिशेबानं घ्यावी. ई तिथे राहिले आणि बेटावर मंडळ्या उभ्या राहिल्या, हे मात्र इतिहासात आहे.

दुसरी हकिगत दक्षिणेकडच्या गिम्जेजवळच्या ग्युमसान गावची. तिथलं १९०८ चं लाकडी चर्च अजून उभं आहे, काटकोनात वळलेलं, एका पाखीत पुरुष आणि दुसऱ्या पाखीत स्त्रिया बसाव्यात म्हणून. गावातले जमीनदार चो टक-सम आणि त्यांचा मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा नोकर) ई चा-इक दोघंही विश्वासात आले. मंडळीनं वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणारा पुढारी, निवडायची वेळ आली, मतदान झालं आणि निवडून आला मोतद्दार. जमीनदार पडले. सगळी सभा धास्तावली. चो उठले आणि मंडळीच्या निर्णयाला पाठिंबा देऊन ई यांच्या विश्वासाची वाखाणणी करून बसले. पुढे त्यांनीच ई यांना शिकायला पाठवलं आणि ते पाळक होऊन आल्यावर त्यांच्याच हाताखाली काम केलं. ई पुढे तीनदा महासभेचे, म्हणजे देशभरच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या सर्वोच्च सभेचे, अध्यक्ष झाले. आपल्या गावांत गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा हा भेद प्रभुभोजनाच्या पंगतीतही कसा टिकून राहिला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मतदानाचं वजन वेगळं सांगायला नको. मिशनरी जर वडील नेमत असते तर त्यांनी कोणाला नेमलं असतं? माझा पैसा जमीनदारावर.

१९१२ मध्ये महासभा स्थापन झाली. तिनंही पहिल्याच बैठकीत परदेशी मिशनचा ठराव केला आणि १९१३ मध्ये तीन पाळक चीनच्या शांतुंगमधल्या लायांगला गेले. तिथल्या चिनी मंडळीच्या संमतीनं, तिच्याच प्रेस्बिटरीत सामील होऊन. काम सोपं गेलं नाही. एक जण आजारी पडून परतला, उरलेले दोघे १९१७ मध्ये काम सोडून गेले. त्याच वर्षी दुसरे पाठवले गेले आणि ते काम धक्के खात पुढे कम्युनिस्ट राजवटीपर्यंत टिकलं. शेवटचा कोरियन मिशनरी १९५७ मध्ये बाहेर पडला. हे सगळं घडत असताना, १९१० पासून, खुद्द कोरिया जपानच्या ताब्यात होता. स्वतःचा देश हातात नसलेली मंडळी शेजारच्या देशात माणसं पाठवत होती, तीही स्वतःच्या खर्चानं.

मग चीनमध्ये का नाही?

ज्या शांतुंग प्रांतात नेव्हियस यांनी ही पद्धत घडवली तिथे ती एवढी फळली नाही. १८७६ नंतरच्या दुष्काळात (आपल्याकडे दख्खनमध्येही तेव्हाच दुष्काळ होता) त्यांनी मदत वाटली, त्या ओळखीतून अनेक गावांत गट उभे राहिले, साठेक ठिकाणं झाली. पण पुष्कळ लोक गळालेही. त्यांचेच सहकारी कॅल्विन मटीर यांनी १९०० मध्ये या पद्धतीवर कडक टीका छापली. त्यांचं म्हणणं, नवख्या अशिक्षित माणसाला बिनपगारी पुढारी करून वर्षातून दोनदा भेटणं म्हणजे मंडळी वाऱ्यावर सोडणं. पगारी, शिकलेला उपदेशक हवाच.

मटीर यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. कोरियात तीच पद्धत चालली याचं श्रेय पद्धतीला किती आणि परिस्थितीला किती, हा वाद अजून मिटलेला नाही. कोरियात मिशनरी पोचण्याआधी वाचणारे विश्वासणारे होते. हंगुल होतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे तिथला परकीय सत्ताधीश जपानी होता. चीनमध्ये किंवा आपल्याकडे ख्रिस्ती होणं म्हणजे साहेबाच्या बाजूला जाणं, असा संशय कायम असे. कोरियात तो तसा चिकटला नाही. १८९४ च्या चीन-जपान युद्धात प्याँगयांगवरच लढाई झाली, जुनी व्यवस्था डोळ्यांदेखत कोसळली, आणि लोक नव्या आधाराच्या शोधात होते. कोरियात मात्र मटीर यांच्या आक्षेपाला एक उत्तर होतं, ते म्हणजे हिवाळी वर्ग. नेव्हियसही चीफूला वर्ग घेत, पण कोरियात तो मंडळीच्या वार्षिक जीवनाचा कणाच झाला. बिनपगारी पुढारी आणि वर्ग ही जोडी आहे. त्यातलं एकच उचललं तर मटीर बरोबर ठरतात.

नगरची आठवण

मराठी वाचकाला हे सगळं अगदी परकं वाटू नये. स्वावलंबी, स्वशासित, स्वप्रसारक मंडळीचा विचार नेव्हियस यांच्याआधी दोघांनी मांडला होता: इंग्लंडचे हेन्री व्हेन आणि बोस्टनचे रूफस अँडरसन. हे अँडरसन १८५४-५५ मध्ये भारताच्या पाहणीवर आले होते आणि त्यांच्याच संस्थेचं अमेरिकन मराठी मिशन मुंबई-अहमदनगरात काम करत होतं. त्यांचा आग्रह होता की इंग्रजी शाळांवरचा भर कमी करा, मराठीतून शिकवा, गावोगावी मंडळ्या करून त्यांवर इथलेच पाळक नेमा. नगरच्या मंडळ्यांना हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक असे मराठी पाळक मिळाले ते याच सुमारास. म्हणजे कल्पना नगरला सोलच्या पस्तीस वर्षं आधी पोचली होती.

पण गावच्या मंडळ्या गरिबांच्या, गावकुसाबाहेरच्या. तिथे शाळामास्तर आणि उपदेशक एकच, आणि त्याचा पगार मिशनचा. मंडळीची वर्गणी त्याला पुरणं कठीणच. मग दुष्काळ, अनाथालयं, वसतिगृहं. मिशनचं कंपाउंड वाढत गेलं आणि मंडळी त्याच्या सावलीत वाढली. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला तो याच अस्वस्थतेतून. दोन वर्षांत ते गेले. तरी त्यांची भजनं आणि अभंग मराठी उपासनेत आजही आहेत. कोरियन मंडळीनं स्वतःची थैली फार लवकर कमावली, पण गाणी बराच काळ अमेरिकन चालींचीच गायली. नेव्हियस यांच्या नियमांत इमारतीच्या धाटणीबद्दल आहे, सुराबद्दल काही नाही. त्या बाबतीत टिळक कितीतरी पुढचे होते.

न सुटलेलं

हे प्रकरण वर्गात घेतलं की दोन-तीन गोष्टी झाकल्या जातात, त्या बोलायला हव्यात. स्वावलंबनाचा नियम मंडळ्यांना होता, संस्थांना नव्हता. सोलचं सेव्हरन्स रुग्णालय, प्याँगयांगचं सुंगशिल विद्यालय हे सगळं अमेरिकन पैशावर. मिशनऱ्यांचा पगारही तिकडूनच यायचा आणि त्यांची घरं चांगली ऐसपैस होती. १९०७ च्या प्रेस्बिटरीचे पहिले अध्यक्ष मॉफेटच होते आणि मिशनऱ्यांचा मताचा अधिकार पुढे बराच काळ चालू राहिला. पाळकाचं शिक्षण लोकांच्या सरासरीपेक्षा थोडंच वर असावं, त्याला अमेरिकेला पाठवू नये, हे धोरण लोकांपासून तुटू नये म्हणून केलेलं. पण त्यामुळे पहिल्या पिढीतल्या कोरियन पाळकांना मिशनऱ्यांशी बरोबरीनं वाद घालण्याची साधनंच मिळाली नाहीत, ही टीका कोरियन अभ्यासकच करतात आणि ती रास्त आहे.

आकड्यांची हावही सुटली नाही. १९०९-१० मध्ये वर्षभरात दहा लाख नवे विश्वासणारे, अशी मोहीम काढली गेली. सुवार्तेसाठी लाखभर दिवस देण्याची कबुली सभांमधून मिळाली, मार्काच्या शुभवर्तमानाच्या सात लाख प्रती खपल्या. दहा लाखांच्या जवळपासही कोणी पोचलं नाही. ज्या लोकांनी आपले दिवस दिले त्यांचं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण तो आकडा मिशनऱ्यांच्या डोक्यातून आला होता.

आणि आजची गोष्ट अशी की दक्षिण कोरिया स्वतःच मोठ्या संख्येनं मिशनरी पाठवणारा देश आहे. आशियातल्या गरीब देशांत कोरियन पैशानं बांधलेली चर्चची इमारत, दारावर देणगीदार मंडळीच्या नावाची पाटी आणि स्थानिक पाळकाला सोलहून येणारा महिना, हे दृश्य आता नवं नाही. कोरियन मिशन-अभ्यासकांच्या बैठकांत त्यावर टीका होते, पैशाच्या जोरावरच्या कामाला आळा घाला असं ठरतं. पण इमारतीचा फोटो देणगीदाराला दाखवता येतो आणि हिवाळ्यात स्वतःचे तांदूळ घेऊन चालत आलेल्या माणसांच्या वर्गाला दहा वर्षं लागतात, तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा इमारतीसाठीच वर्गणी निघते.